परमुलखातील होतकरू खेळाडू आणि बंगळूरचा प्रेक्षक

खेळाच्या इतिहासात खेळाडूंना पाने मिळतात, पंचांना तळटीप मिळते, आणि प्रेक्षकांना बहुधा काहीच मिळत नाही. वास्तविक प्रेक्षकालाही एक इतिहास असतो. त्याने कोणावर लोभ धरला, कोणाची वाट पाहिली, आणि ज्याची वाट पाहिली त्याचे पुढे काय झाले हे त्याने किती काळ लक्षात ठेवले, यावरून एखाद्या नगरीच्या मनाची ठेवण बरीच उमगते. बंगळूरविषयी मराठीत लिहावयास बसले की लेखणी आपोआप शहाजीराजांच्या जहागिरीकडे वळते. तो मोह आवरून आम्ही आज फार अलीकडच्या, किंबहुना अवघ्या काही वर्षांपूर्वीच्या घटनांकडे वळत आहोत. इ. स. २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत आशियातील बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली पाच वेळा या शहरात आल्या आणि गेल्या. त्यांच्यापैकी एकीच्या मागे आमच्यासारख्या काही प्रेक्षकांचे मन कसे गेले, आणि त्या निमित्ताने आपल्याच घरातील कोणत्या गोष्टी दिसू लागल्या, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

खेळाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावी लागेल. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या व्यायामशाळेत दोन टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी शेजारच्या नॉर्दम्प्टन गावी सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकविला. म्हणजे पुरुषांचा बास्केटबॉल आणि स्त्रियांचा बास्केटबॉल यांच्या वयात एका वर्षाहून अधिक अंतर नाही. इतर किती खेळांविषयी असे म्हणता येईल? आपल्याकडे हा खेळ वायएमसीएबरोबरच आला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो दक्षिणेतील शाळांच्या अंगणांत पोहोचविला. अखिल भारतीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. बंगळुरात बीगल्स, माउंट्स, राजमहल, यंग ओरियन्स, देवांग युनियन अशा मंडळांनी तो गल्लीबोळांत रुजविला. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सिमेंटच्या मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज ऐकू आला की या शहरातील जुन्या वस्तीचे पाय आजही रेंगाळतात. भारताचा पुरुषसंघ ऑलिंपिकमध्ये एकदाच, १९८० साली मॉस्कोला, खेळला. पुष्कळ देशांनी बहिष्कार घातल्यामुळे ती जागा मिळाली होती. सातही सामने आपण हरलो. असो.

कब्बन पार्कजवळचे कंठीरव क्रीडागार बहुतेक वाचकांनी बाहेरून तरी पाहिले असेल. कंठीरव म्हणजे सिंह. संस्कृतातील हा भारदस्त शब्द कन्नडिगांनी रोजच्या बोलण्यात जिवंत ठेवला आणि आपण तो कोशात ठेवून दिला. एके काळी येथे संपंगी तलाव होता. तलाव गेला, मैदान आले, आणि १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या सुमारास शेजारी छपराखालचे क्रीडागारही उभे राहिले. २३ ते २९ जुलै २०१७ या आठवड्यात स्त्रियांची आशियाई अजिंक्यपदस्पर्धा मुख्यतः येथेच झाली. त्या वर्षी प्रथमच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आशियाच्या पंक्तीस बसविले गेले. वरच्या गटात ते दोघे, शिवाय जपान, चीन, दोन्ही कोरिया, तैवान आणि फिलिपाइन्स. यजमान भारत मात्र खालच्या गटात होता. कझाकस्तान, उझबेकिस्तान, लेबानन, श्रीलंका, सिंगापूर, फिजी यांच्या जोडीला. ज्या घरी मेजवानी, त्याच घरच्या माणसांची पंगत ओसरीवर, असा तो प्रकार होता.

दक्षिण कोरियाच्या संघात पार्क जी-सू नावाची मुलगी होती. वय अठरा, उंची साडेसहा फुटांच्या आसपास. वडील बास्केटबॉल खेळलेले, आई व्हॉलीबॉल खेळलेली. पंधराव्या वर्षीच, २०१४ मध्ये, तिला राष्ट्रीय संघात घेतले गेले होते. ही माहिती असणारे लोक बंगळुरात फार नव्हते. पण जे होते ते तिच्यासाठीच येत होते. बास्केटबॉलच्या नादी लागलेल्या माणसाला पुढे मोठे होणारे मूल आज पाहून ठेवण्याचा एक विलक्षण सोस असतो. गवयाची पहिली बैठक ऐकलेला माणूस जसा आयुष्यभर ते सांगत राहतो, तसाच हा प्रकार. त्यात थोडा अहंकार असतो हे कबूल केले पाहिजे. आपण आधी ओळखले, ही भावना सुखद असते.

परंतु उंच खेळाडूला पाहणे ही सोपी गोष्ट नव्हे. नवखा प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. मुरलेला प्रेक्षक अशा मुलीच्या पायांकडे पाहतो. उंची जन्मतः मिळते, पाय मात्र घडवावे लागतात. टोपलीखाली पाठीने जागा अडवून धरणे, फळीवरून परतणारा चेंडू कोठे पडेल हे अंदाजाने ताडून त्याआधी तेथे पोहोचणे, हात नुसते वर ठेवून समोरच्या मुलीची फेक बिघडविणे, आणि हे सर्व करताना नियमभंग न करणे, हे काम गुणफलकावर पुरतेपणी उमटत नाही. त्यातही जी-सूवर संघाचा भार मोठा होता. दक्षिण कोरियाच्या स्त्रियांनी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविले होते. २००८ नंतर मात्र त्यांना ऑलिंपिकचे दारही उघडले नव्हते. एका देशाचे गेलेले वैभव परत आणण्याची अपेक्षा अठरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर होती, आणि ती अपेक्षा बंगळूरच्या त्या क्रीडागारात तिच्याबरोबर आली होती. कोरियाचा संघ उपान्त्य फेरीत पोहोचून शेवटी चौथा आला. पहिल्या चौघांना पुढल्या वर्षीच्या स्पेनमधील जागतिक स्पर्धेत प्रवेश होता, तो त्यांना मिळाला.

त्या दिवसांत येथील मराठी मंडळींपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस अडविले. सर्वजण त्यांना नाना म्हणतात. ‘‘काय हो, कचेरी सुटल्यावर कुठं धावता? कोरियाच्या मुलीचा खेळ बघायला? आपल्या पोरी खालच्या गटात झगडताहेत, त्यांना बघा की!’’ आम्ही म्हटले, ‘‘नाना, त्यांनाही बघतो.’’ नानांचे समाधान झाले नाही, आणि खरे म्हणजे त्यांचा प्रश्न टाकून देण्याजोगा नव्हता. परक्या होतकरू खेळाडूवर लोभ करताना प्रेक्षकाला काहीच किंमत मोजावी लागत नाही. ती जिंकली तर आनंद आपला, हरली तर दुःख तिच्या देशाचे. स्वतःच्या होतकरूचे तसे नसते. त्याच्यासाठी पदरमोड करावी लागते. खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला सहावा आला; १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा जमेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते लोकही प्रेक्षकच होते. पण त्यांचे पाहणे वेगळे होते.

मग आपल्या देशाने बास्केटबॉलमधील आपल्या होतकरूंसाठी काय केले? येथे दोन नावे घेतली पाहिजेत.

केरळची गीतू ॲना जोस ही २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील रिंगवुड हॉक्स या संघाकडून खेळावयास गेली. भारतातून तेथे जाऊन असे खेळणारी ती पहिलीच स्त्री. २०११ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक संघांपैकी तिघांनी तिला चाचणीसाठी बोलाविले: शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो. करार कोणाशीच झाला नाही. या स्पर्धामालेत जागा किती थोड्या असतात याचा विचार केला पाहिजे. २०१८ मध्ये तिच्यात बारा संघ होते आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू. म्हणजे साऱ्या जगाला मिळून १४४ जागा. गीतू दक्षिण रेल्वेची कर्मचारी. आपल्या देशात स्त्रियांचा बास्केटबॉल दीर्घकाळ कोणी सांभाळला असेल तर तो रेल्वेने. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे इतरांना मागे टाकीत आला, याचे कारण उघड आहे: होतकरू मुलीला नोकरी देणारे दुसरे मोठे घर नव्हते. आम्ही सरकारी सेवेतील माणसे या व्यवस्थेची थट्टा करणार नाही. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, घरभाडे भत्ता, आणि म्हातारपणाची सोय यांनी शेकडो मुलींना खेळात टिकविले. खेळाडू कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजेची तरतूदही आहे. पण नोकरी हा आधार आहे तसा तो माथाही आहे. कोरियातील मुलगी हिवाळ्यात आपल्या देशातील व्यावसायिक मालेत खेळते. उन्हाळ्यात तेथील मैदान रिकामे होते आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेची माला सुरू होते. एका वर्षात दोन पिके निघतात. आमच्याकडे पहिलेच पीक निघण्याची सोय नव्हती, मग दुसऱ्याची गोष्ट कशास?

दुसरे नाव सतनामसिंग भामरा यांचे. पंजाबात बर्नाल्याजवळ बल्लो के गावी जन्मलेला, सात फुटांहून उंच असा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत शिकला आणि २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. २५ जून २०१५ रोजी डॅलसच्या संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला एनबीएच्या निवडीतील तो पहिला. त्या दिवशी वृत्तपत्रांनी जो जल्लोष केला तो वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर डॅलसच्या दुय्यम संघात दोन हंगाम झाले. मुख्य मालेत एकही सामना नाही. आणि २०२२ मध्ये हा तरुण अमेरिकेतील नाट्यमय कुस्तीच्या आखाड्यात उतरलेला दिसला. यात त्याला बोल लावण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही. चौदाव्या वर्षी, परक्या भाषेच्या प्रदेशात, शंभर कोटींची आशा पाठीवर घेऊन गेलेल्या मुलाकडे आम्ही सर्वांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती जगातील मोजक्या माणसांनाच मिळते.

पुन्हा बंगळूरकडे येऊ. त्या जुलैत नानांचे म्हणणे खरे ठरले असेच म्हणावे लागेल. खालच्या गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले आणि वरच्या गटात जागा मिळविली. संघात अनुभवी अनिता पॉलदुराई होत्या, ज्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आमच्या दृष्टीने विशेष म्हणजे पुण्याची शिरीन लिमये होती. परमुलखात मराठी आडनाव गुणपत्रकावर वाचले की ऊर भरून येतो, हे येथे बदलीवर आलेल्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. दोन गुण म्हणजे एकच टोपली. तेवढ्यावर दोन वर्षांची पंगत ठरली.

वरच्या गटाची अंतिम लढतही तशीच झाली. जपानने ऑस्ट्रेलियाला ७४-७३ असे एका गुणाने हरविले आणि सलग तिसऱ्यांदा अजिंक्यपद घेतले. उंचीच्या मागे धावणाऱ्या आमच्यासारख्यांना तो चांगलाच धडा होता. जपानच्या मुली ऑस्ट्रेलियाच्या मानाने ठेंगण्या. त्यांचे शिक्षक टॉम होवास हे अमेरिकन, पण जपानी भाषेत संघाला ओरडून शिकविणारे. लांबून तीन गुणांची फेक, अखंड धावपळ, आणि कोणाही एकीवर न विसंबणे हा त्यांचा मार्ग. याच मार्गाने तो देश टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, रौप्यपदकापर्यंत गेला. होतकरू खेळाडूचा शोध घेणाऱ्याने हा सामना जरूर आठवावा. कारण त्यात नवा तारा कोणीच नव्हता आणि तरीही सामना अविस्मरणीय झाला.

पुढील वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या मालेत जी-सूची निवड सतराव्या क्रमांकावर झाली. निवडले मिनेसोटाने, पण तिचे हक्क लगेच लास वेगासच्या संघाकडे गेले. आता यातील योगायोग पाहा. लास वेगासचा हा संघ नवा नव्हता. सॅन अँटोनियोचाच संघ त्या वर्षी जागा व नाव बदलून तेथे गेला होता. सात वर्षांपूर्वी ज्या घराने आमच्या गीतूला चाचणीसाठी बोलावून परत पाठविले, त्याच घराने बंगळुरात आम्ही पाहिलेल्या मुलीला आत घेतले. कोरियातून त्या मालेत गेलेली ती दुसरी. पहिली जुंग सुन-मिन, २००३ मध्ये सिअ‍ॅटलला. लास वेगासला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. डबा भरला जात असतो, बसची वेळ झालेली असते, आणि अशा वेळी पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूस एक मुलगी बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहात असते. पहिल्या हंगामात तिच्या गुणांची सरासरी तीनच्याही आत राहिली. बंगळुरात जी आपल्या संघाचा खांब होती ती तेथे राखीव खेळाडू झाली. त्याच संघात त्याच वर्षी आलेल्या एजा विल्सनच्या नावाने पुढे ती माला गाजली. गुणवत्तेच्या पायऱ्या किती आणि कोठवर असतात, याचा अंदाज आशियातील क्रीडागारात बसून येत नाही.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक घटना घडली, जिचे महत्त्व आम्हांस पुढे कळले. २०१७ मध्ये बंगळुरात उत्तर कोरियाचाही संघ होता आणि त्यातील रो सुक-योंग हिच्या गुणांची सर्वत्र चर्चा झाली होती. एकाच आठवड्यात, एकाच गावी, दोन्ही कोरियांच्या या दोन मुली वेगवेगळ्या झेंड्यांखाली खेळून गेल्या. १९५० च्या युद्धापासून ज्यांच्यामध्ये काटेरी तारा आहेत त्या देशांच्या मुली. एका वर्षाने जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोन्ही देशांनी एकच संघ उतरविला. जी-सू अमेरिकेतून उशिरा येऊन त्यास मिळाली, रो तेथे होतीच. अंतिम सामन्यात चीनने त्यांना ७१-६५ असे हरविले. रौप्यपदक एका गळ्यात आले, पण मायदेशी परतताना वाटा दोन झाल्या. फाळणी पाहिलेल्या देशातील माणसाला याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

२०१९ च्या सप्टेंबरात हीच अजिंक्यपदस्पर्धा पुन्हा कंठीरवात भरली. या वेळी भारत वरच्या पंगतीस होता. जपानने चीनला हरवून सलग चौथ्यांदा अजिंक्यपद घेतले. भारत आठ संघांत आठवा आला. २०२१ मध्ये अम्मानलाही आठवाच, आणि मग पुन्हा खालच्या गटात रवानगी. दोन गुणांनी मिळविलेली जागा टिकविण्यासाठी जे लागते, म्हणजे वर्षभर चालणारी स्पर्धामाला, परदेशी संघांशी नियमित सामने, शाळकरी मुलींसाठी लाकडी फरशीची मैदाने, ते मधल्या वर्षांत उभे राहिले नाही. यजमानपद पाच वेळा घेणे सोपे. त्यासाठी क्रीडागार, निवासस्थाने व दिवे पुरतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये याच शहरात सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा झाली आणि भारताच्या मुलींनी खालच्या गटात पहिला क्रमांक मिळविला. त्या मुलींचा पाठलाग आम्ही प्रेक्षकांनी किती केला? कोरियाच्या मुलीचे लास वेगासमधील गुण आम्हांस तोंडपाठ होते. या मुलींपैकी कितीजणी आज खेळतात आणि कितीजणींनी परीक्षांपायी खेळ सोडला, हे या शहरात विचारले तर फारसे कोणी सांगू शकणार नाही. नानांचा प्रश्न असा फिरून समोर येतो.

जी-सूने कोरियाला तेरा वर्षांनी ऑलिंपिकला नेले. टोकियोत ते तिन्ही सामने हरले, पण दार उघडले. २०२२ च्या उन्हाळ्यात तिच्या संघाने जाहीर केले की भयविकाराच्या त्रासामुळे ती काही काळ मैदानापासून दूर राहील. तेवीस वर्षांची मुलगी. सिडनीची जागतिक स्पर्धा तिच्याविना झाली. पंधराव्या वर्षापासून तिच्याकडे डोळे लावून बसलेल्यांत आपल्या देशातील, परक्या देशांतील आणि या कंठीरवातील आम्ही थोडेजणही होतो. दुरून पाहणाऱ्याची नजर निरुपद्रवी असते असे आम्ही मानीत आलो होतो. ती मोजता येत नाही एवढेच खरे. पुढे ती बरी होऊन परतली, पुन्हा आपल्या देशातील मालेत चमकली, २०२४ मध्ये तुर्कस्तानातील गालातासराय संघाकडे गेली आणि वर्षभराने स्वदेशी आली.

तिच्या आजाराची बातमी आली त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अठरा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा कंठीरवात झाली आणि ऑस्ट्रेलियाने ती जिंकली. या खेपेस नाना आमच्याबरोबर आले. सामना सुरू होण्यापूर्वी त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही संघांची नावे वाचून घेतली, आणि विचारले, ‘‘यातली पुढं मोठी होणारी कोणती?’’ आम्ही म्हटले, ‘‘नाना, आधी आपल्या मुलींचा सामना किती वाजता आहे ते बघू.’’